नवख्याला मिळणारा पहिला सल्ला



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. तीस वर्षे कामगार चळवळीत काढलेला मनुष्य बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार. मी विषय कळवला तो संगणकावरील खेळांचा. चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, तेही रात्रशाळेतले. पुढचे जे काही झाले ते ग्रंथालयात आणि गेटसभेत. संगणकाचा मी जाणकार नाही. तथापि या खेळांत नवख्या माणसाला पहिला सल्ला कसा मिळतो आणि त्या सल्ल्याने त्याची दिशाभूल कशी होते, हे पाहताना मला माझ्याच कामातली एक जुनी चूक उमगली. ती आपल्यापुढे कबूल करावी, आणि ती कशी उमगली हेही सांगावे, म्हणून उभा आहे.

प्रथम हे खेळ कोणते ते सांगतो. सभागृहातल्या अर्ध्या मंडळींनी ते पाहिलेले नसतील, आणि उरलेली तरुण मंडळी मागच्या बाकांवर बसून माझ्या चुका मोजत असतील. त्यांनी त्या शेवटी अवश्य सांगाव्यात.

या खेळांना 'सर्व्हायव्हल गेम' म्हणतात. आपण त्यांना तगण्याचे खेळ म्हणू. यांत खेळणाऱ्याला एका अनोळखी मुलखात रिकाम्या हाताने सोडून देतात. तेथे भूक असते, थंडी असते, अंधार असतो, अंगावर येणारी जनावरे असतात. लाकूड तोडायचे, दगड जमवायचे, हत्यार घडवायचे, आसरा करायचा आणि जिवंत राहायचे. बुद्धिबळात प्यादे कसे चालते हे आधी सांगतात आणि मग डाव मांडतात. येथे डाव आधीच मांडलेला असतो, आणि प्यादे कसे चालते हे पुष्कळदा मेल्यानंतर कळते. नियम शोधून काढणे हाच खेळाचा मोठा भाग. म्हणूनच येथे पहिल्या सल्ल्याचे वजन फार. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो पहिले वाक्य जे कानावर पडेल ते घट्ट धरून बसतो. दुसरे वाक्य येईपर्यंत पहिले त्याच्या हाडात मुरलेले असते.

आता माझा स्वतःचा अनुभव. माझा भाचा बारावीला आहे. गेल्या वर्षी सुट्टीत त्याने मला 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळापुढे बसवले. हा खेळ स्वीडनमधल्या मोजँग कंपनीचा. तो पूर्ण रूपात नोव्हेंबर २०११ मध्ये आला, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीचशे कोटी डॉलरना विकत घेतली. सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. तेथला एक दिवस आणि एक रात्र मिळून आपली २० मिनिटे होतात. रात्री अंधारात राक्षस निपजतात. सुरुवातीची कित्येक वर्षे खेळात मार्गदर्शन असे जवळजवळ नव्हतेच. कोणत्या वस्तूपासून काय बनते याची पुस्तिकासुद्धा खेळात २०१७ साली आली. तोवर एकाने दुसऱ्याला सांगायचे आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. कारखान्यात हुन्नर असाच शिकवला जातो, त्यामुळे मला ते परके वाटले नाही.

भाच्याने मला पहिला सल्ला दिला तो असा : "मामा, दिवस मावळायच्या आत घर बांध." मी बांधले. लाकडाच्या चार भिंती, वर छप्पर, दार. मावळतीपूर्वी काम पुरे झाले म्हणून मला बरे वाटले. रात्र दार लावून काढली. सकाळी कोळसा शोधायला डोंगरापलीकडे लांबवर गेलो आणि परत येऊन दार उघडले, तर आत एक हिरवट तोंडाचा राक्षस उभा! मी मेलो. भाचा पोट धरून हसला आणि म्हणाला, "अरे मामा, आत मशाल लावली नाहीस?"

मी म्हटले, "तू सांगितलं नव्हतंस."

तो म्हणाला, "ते सांगायचं असतं होय?"

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. भाच्याला वाटले मामाला राग आला. राग नव्हता आला. हे वाक्य मी पूर्वी कोठेतरी ऐकले होते. कोठे ते पुढे सांगेन.

आधी भाच्याच्या सल्ल्याची तपासणी करू. तो खोटा होता काय? मुळीच नाही. रात्री आसरा हवाच. पण त्या खेळात राक्षस निपजतात ते अंधारात, मग तो अंधार बाहेरचा असो की छपराखालचा. माझ्या घरात उजेड नव्हता, म्हणजे मी राक्षसांना मोठ्या कष्टाने छप्पर बांधून दिले होते. माझी गरज उजेडाची होती आणि सल्ला मिळाला घराचा. हे कारण मला ठाऊक असते, तर मी घर बांधण्यात दिवस घालवलाच नसता. टेकडीला एक बोगदा खणून त्याचे तोंड बंद केले असते आणि आत मशाल लावली असती. मशालीला कोळसा लागतो हे खरे, पण भट्टीत लाकडाचा ओंडका जाळला की त्याचाही कोळसा होतो; कोळसा शोधत हिंडायचेही कारण नव्हते. अनुभवी खेळाडू हे सारे इतक्या सवयीने करतो की आपण ते करतो हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. 'घर' म्हटले की त्याच्या मनात मशालीसकट घर उभे राहते. नवख्याच्या मनात नुसत्या भिंती उभ्या राहतात.

दिशाभूल करणाऱ्या सल्ल्याचा हा पहिला प्रकार, आणि सर्वांत जास्त आढळणारा. सल्ला खरा असतो, सांगणारा भला असतो, पण जी अर्धी गोष्ट त्याला स्वतःला उघड वाटते ती तो गाळतो.

दुसऱ्या प्रकारात सांगणारा कोण आहे हे पाहावे लागते. कॅनडातील व्हँकूव्हरच्या क्ले एंटरटेनमेंट या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये 'डोन्ट स्टार्व्ह' नावाचा खेळ काढला. नावाचा अर्थ : उपाशी मरू नकोस. खेळ सुरू होतो तेव्हा विल्सन नावाचा एक शास्त्रज्ञ रानात बेशुद्ध पडलेला असतो. त्याच्या उशाशी मॅक्सवेल नावाचा एक उंच, झकपक पोशाखातला गृहस्थ उभा असतो. तो विल्सनला सांगतो की, बाबा, तुझी तब्येत काही बरी दिसत नाही, रात्र पडायच्या आत काहीतरी खायला शोध; आणि अदृश्य होतो.

खेळाचे नाव तेच सांगते, पहिला भेटलेला मनुष्य तेच सांगतो. नवखा खेळाडू दिवसभर बोरे आणि गाजरे गोळा करत फिरतो. आता हिशेब पाहा. या खेळातला एक दिवस आपल्या ८ मिनिटांचा. विल्सनचे पोट आरंभी भरलेले असते, आणि भरलेले पोट रिकामे व्हायला असे पुरते दोन दिवस लागतात. म्हणजे पहिल्या रात्रीपूर्वी एक बोर खाल्ले नाही तरी तो उपासाने मरत नाही. पण पहिल्या रात्री जवळ उजेड नसेल, तर अंधारातून काहीतरी त्याच्यावर झडप घालते आणि थोड्याच वेळात त्याचा निकाल लागतो. पहिल्या दिवसाचे खरे काम म्हणजे गवत, काटक्या आणि गारगोटी गोळा करणे. एक काटकी आणि एक गारगोटी यांची कुऱ्हाड होते, कुऱ्हाडीने ओंडके मिळतात, आणि तीन गवत व दोन ओंडके यांची शेकोटी. एवढे जमले की रात्र निभावली. आणि या खेळात मेलेला मनुष्य सहसा परत उठत नाही; सारे जगच पुसले जाते आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

मॅक्सवेल खोटे बोलला काय? तोही शब्दशः खोटे बोलला नाही. अन्न पुढे लागतेच, आणि रात्रीचा उल्लेखही त्याने केला. पण त्याने बोट दाखवले पोटाकडे, आणि मरण होते अंधारात. पुढे कळते की ज्याने विल्सनला फसवून या मुलखात ओढून आणले तो हाच मॅक्सवेल. खेळ रचणाऱ्यांचा यात काही लबाडपणा नाही, गोष्टच तशी रचली आहे. मला मात्र ती पाहताना हसू आले. माझ्या व्यवसायात असे मॅक्सवेल पुष्कळ भेटतात. कामावर रुजू होणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून जो सर्वांत आधी आपुलकीने बोलतो, तो बहुधा ज्याच्या हाती त्याचा हजेरीपट आहे तोच असतो. म्हणून नवख्याने सल्ल्याबरोबर सल्ला देणाऱ्याचाही विचार करावा : याला हे कसे ठाऊक, आणि मी ऐकले तर याचे काय होते?

तिसरा प्रकार जुन्या झालेल्या सल्ल्याचा. पुन्हा माइनक्राफ्टकडे वळू. त्या खेळात जमिनीखाली हिरे सापडतात, आणि हिऱ्यांचे हत्यार पुष्कळ काळ टिकते. जमिनीखालची प्रत्येक पातळी आकड्याने मोजतात. पूर्वी सर्वांत खालचा तळ म्हणजे शून्य. अनेक वर्षे जुने जाणते नवख्यांना सांगत, हिरे हवेत तर अकराव्या पातळीवर आडवा बोगदा खण. या आकड्याला सबळ कारण होते. हिरे तळाच्या जवळ मिळत, आणि दहाव्या पातळीपासून खालच्या गुहांत लाव्हारस भरलेला असे. लाव्हाच्या बरोबर वर राहून हिरे शोधायचे, म्हणून अकरा. अनुभवातून निघालेला, तोलून मापून दिलेला असा तो सल्ला होता.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस खेळाची १.१८ ही आवृत्ती आली आणि तिने जमीनच बदलली. तळ शून्यावरून उणे ६४ पर्यंत खाली नेला. लाव्हाही खाली गेला. हिरे आता जितके खाली जावे तितके अधिक मिळतात. उणे ५८-५९ च्या आसपास खणणे सर्वांत फायद्याचे. पण अकरा हा आकडा लोकांच्या तोंडात तसाच राहिला. माझ्या भाच्याच्या मित्राने मला तो अगदी ठासून सांगितला होता, आणि मी दोन संध्याकाळी अकराव्या पातळीवर खणत होतो.

यातली खरी अडचण लक्षात घ्या. अकराव्या पातळीवर हिरे अजिबात मिळत नाहीत असे नाही. अधूनमधून एखादा मिळतो. मुळीच मिळाला नसता तर माझ्या मनात शंका आली असती. थोडेसे मिळत राहिले, म्हणून मी नशिबाला बोल लावला, सल्ल्याला लावला नाही. पूर्ण चुकलेला सल्ला लवकर उघडा पडतो. थोडे फळ देणारा जुना सल्ला वर्षानुवर्षे चालतो, आणि त्याखाली कष्ट करणारा मनुष्य स्वतःलाच कमनशिबी समजतो. सल्ल्याबरोबर कारण पोचले असते, म्हणजे "लाव्हाच्या वर आणि तळाच्या जवळ" एवढे शब्द पोचले असते, तर जमीन बदलल्यावर आकडा कोणालाही नव्याने काढता आला असता. आकडा तेवढा पोचला आणि कारण वाटेत गळाले.

कारणासकट पोचलेला सल्ला कसा कामी येतो त्याचाही दाखला याच खेळात आहे. "पायाखाली सरळ खणू नकोस" हा तेथला प्रसिद्ध नियम. कारण : खाली गुहा असली तर पडशील, लाव्हा असला तर जळशील, आणि सामानही जळेल. हे कारण ज्याला कळले तो दोन गोष्टी स्वतःच्या बुद्धीने काढतो. एक, डोक्यावर सरळ खणणेही धोक्याचे, कारण वरूनही लाव्हा येऊ शकतो. दोन, सरळ खाली जायचेच असेल तर दोन ठोकळ्यांच्या मधोमध उभे राहून आळीपाळीने एकेक खणावा, म्हणजे एक उघडला तरी दुसऱ्यावर पाय राहतो. नियम एक होता. कारण कळल्यामुळे त्याचे तीन झाले, आणि शेवटचा तर त्या नियमाच्या शब्दांना सोडूनच आहे.

चौथा प्रकार दुसऱ्याच्या गरजेचा सल्ला. कॅनडातल्याच हिंटरलँड या संस्थेचा 'द लाँग डार्क' हा खेळ ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण रूपात आला. उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख, लांडगे, हिमवादळे. आणि पूर्वी मेलात की तुमचा डाव कायमचा पुसला जाई. या खेळातल्या मुरलेल्या खेळाडूंनी एक युक्ती शोधली. उपासमारीने प्रकृती हळूहळू खालावते आणि झोपेने ती भरून येते. तेव्हा दिवसभर उपाशी राहावे, निजण्यापूर्वी थोडे खावे, म्हणजे निम्म्याहून कमी अन्नात दिवस निघतात. ज्याला शेकडो दिवस तगून उच्चांक करायचा आहे, ज्याला मुलूख पाठ आहे, त्याला ही युक्ती ठीक. पण नवख्याने ती उचलली म्हणजे काय होते? तो कायम अर्ध्या ताकदीवर हिंडतो. पाठ असलेला मनुष्य लांडगा टाळतो. नवख्याची आणि लांडग्याची गाठ पडते, आणि त्या झटापटीत तगण्याइतकी ताकद उपाशी माणसाच्या अंगात उरलेली नसते. पुढे खेळ रचणाऱ्यांनीच यावर उपाय केला. जो तीन दिवस उपाशी न राहता काढील त्याला प्रकृतीची भर आणि पाच किलो अधिक ओझे उचलण्याची शक्ती, अशी सोय त्यांनी ठेवली. पोटभर जेवणाराचा फायदा व्हावा, हा त्यातला हेतू उघड आहे.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे एका खेळातला सल्ला दुसऱ्या खेळात नेणे. स्वीडनच्या आयर्न गेट संस्थेचा 'व्हॅलहाइम' हा खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. त्यात न खाल्ल्याने मनुष्य मरतच नाही. अन्नाने त्याची ताकद आणि दम वाढतो. न खाल्ले तर तो दुबळा राहतो इतकेच. दुसऱ्या खेळांत मुरलेला मनुष्य येथे येतो तो भुकेचे भय घेऊन, आणि चांगले अन्न संकटकाळासाठी साठवून ठेवतो. खरे पाहता ते अन्न मोठ्या झुंजीला जाण्यापूर्वी खायचे असते. साठवलेले अन्न पेटीत राहते आणि हा रिकाम्या पोटी झुंजीत पडतो. नवखा काहीच न जाणणारा असतो. हा तर चुकीचे जाणणारा नवखा. त्याला शिकवणे अधिक कठीण.

आता पाचवा आणि शेवटचा प्रकार, ज्यासाठी हे सारे सांगितले. तो आहे कामांच्या यादीचा.

'डोन्ट स्टार्व्ह' तयार होत होता तेव्हाची गोष्ट. रचणाऱ्यांनी काही नवख्यांना समोर बसवून खेळायला दिले, आणि पाहिले की त्यांना काय करावे ते उमगत नाही. तेव्हा त्यांनी एक सरळ उपाय केला. छोटी छोटी कामे नेमून दिली : हे जमव, ते बनव, अमुक कर. लोक शिकले, पण एक विचित्र गोष्ट दिसली. खेळाडू नेमलेले काम करत आणि त्याबाहेरच्या कशाकडेही बघत नसत. ज्याचा यादीत उल्लेख नाही ते त्यांच्या लेखी जगातच नव्हते. आणि यादी संपली की त्यांचा रसही संपे. रचणाऱ्यांच्या ध्यानात आले की आपण यांना मुलूख ओळखायला शिकवले नाही. खुणा करत जायला शिकवले. शेवटी त्यांनी ती कामे काढून टाकली आणि थोड्या सूचक खुणांवर भागवले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण तशी यादी मी स्वतः केली होती.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या युनियनने कंत्राटी पोरांसाठी एक पानाचा कागद छापला. मथळा होता, 'नव्या सभासदाने काय करावे'. मजकूर माझा. पाच कलमे : वर्गणी भरून पावती घ्या, ओळखपत्र जवळ बाळगा, हजेरी रोज वहीत टिपून ठेवा, गेटसभेला या, अडचण आली की युनियन ऑफिसात कळवा. कागद सुटसुटीत होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

एका कारखान्यात बावीस वर्षांचा एक मुलगा सभासद झाला. पाचही कलमे त्याने अक्षरशः पाळली. त्याच्या वहीत एक दिवस चुकलेला नव्हता. पुढे एका महिन्याला कंत्राटदाराच्या माणसाने त्याला बोलावले, पगारवाढीचा अर्ज भरायचा आहे, सही कर म्हणाला, आणि कोरा कागद पुढे केला. मुलाने सही केली. पंधरा दिवसांनी त्या कागदावर राजीनामा लिहिलेला होता. आम्ही धावपळ केली, तक्रार केली, तारखा झाल्या. सही त्याचीच होती. काम गेले ते गेले.

मी त्याला रागाने म्हणालो होतो, "अरे, कोऱ्या कागदावर सही करतात का? एवढंही कळू नये?"

तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या कागदावर हे नव्हतं."

आणि मी काय उत्तर दिले? "ते सांगायचं असतं होय?"

तेच वाक्य. भाच्याच्या तोंडून मी ऐकले ते माझेच वाक्य होते. इतकी वर्षे माझी समजूत होती की चूक त्या मुलाची, तो भोळा होता. भाच्यापुढे मेल्यावर मला कळले की मी त्याला घर बांधायला सांगितले आणि मशाल सांगितली नाही. माझ्या कागदाने त्याला खुणा करायला शिकवले. पाचही खुणा झाल्या म्हणून तो निर्धास्त होता. कागद हाती नसता तर कदाचित तो थोडा बिचकला असता, कोणाला विचारायला आला असता. कोऱ्या कागदाची गोष्ट मी लिहिली नाही, कारण माझ्यासारख्या जुन्या माणसाला ती सांगण्याजोगी वाटलीच नव्हती.

येथे एक शंका निघेल, आणि ती मागच्या बाकांवरूनच निघेल. कोणी म्हणेल, अहो, खेळात चुकण्यातच तर गंमत आहे. सारेच आधी सांगितले तर खेळायचे काय? शंका रास्त आहे, आणि मला ती मान्य आहे. राक्षस पाहून मी मेलो, हसलो, आणि उजेडाचे महत्त्व जन्मभरासाठी शिकलो. माइनक्राफ्टमध्ये मेल्यावर सामान जेथे पडते तेथे साधारण पाच मिनिटे राहते. धावत गेलात तर परत मिळते. तेवढी चूक परवडते, आणि तिच्यातून शिक्षण होते. पण चुका दोन जातींच्या असतात. एक चूक दुरुस्त होते आणि शिकवते. दुसरी एकदाच होते. पहिल्या जातीच्या चुका नवख्याला अवश्य करू द्याव्यात. त्या हिरावून घेणारा त्याला पांगळा करतो. दुसऱ्या जातीच्या चुकीबद्दल मात्र मौन पाळण्याचा कोणालाही अधिकार नाही. 'द लाँग डार्क'मध्ये पूर्वी मेलात की डाव पुसला जाई; निदान नवा डाव मांडता येई. कोऱ्या कागदावरच्या सहीला तेवढीही सोय नाही.

तेव्हा पहिला सल्ला कसा असावा? मला जे सुचले ते सांगतो. सर्वांत आधी ती गोष्ट सांगावी, जी एकदा बिघडली की सुधारत नाही, बाकीचे नंतर. प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण सांगावे, एका ओळीत का होईना, म्हणजे जमीन बदलली तर नवखा स्वतः आकडा काढू शकेल. सल्ला केव्हाचा आहे आणि कोणाचा आहे हे लिहावे. आणि यादी शक्य तितकी लहान ठेवावी, कारण लांब यादी वाचणाऱ्याला वाटते की यापलीकडे जग नाही.

याहून एक महत्त्वाची गोष्ट मी त्या खेळ रचणाऱ्यांकडून शिकलो. सल्ला बरोबर आहे की नाही हे जाणत्यांच्या बैठकीत ठरत नाही. ते नवख्याला समोर बसवून, आपण तोंड बंद ठेवून, तो कोठे अडखळतो हे पाहून ठरते. गेल्या वर्षी आम्ही आमचा कागद नव्याने केला. आधी तो कमिटीपुढे न ठेवता, नुकत्याच कामाला लागलेल्या सहा मुलांपुढे ठेवला, आणि म्हटले, यातून तुम्हांला काय कळले ते आम्हांला सांगा. त्यांनी जे सांगितले ते ऐकून कमिटीतल्या जुन्या मंडळींच्या माना खाली गेल्या. एकाला 'अडचण' म्हणजे फक्त अपघात वाटला होता. दुसऱ्याला वही हजेरीसाठी का ठेवायची हेच ठाऊक नव्हते. तो ती युनियनची वर्गणी लिहायची वही समजत होता. त्या मुलांच्या अडखळण्यावरून कागद चार वेळा बदलला.

आता त्याची पहिली ओळ अशी आहे : कोऱ्या कागदावर सही करू नका, कारण सहीच्या वर पुढे जे लिहिले जाईल ते तुम्हीच लिहिले असे धरले जाईल. खाली तारीख आहे आणि लिहिणाऱ्याचे नाव आहे, म्हणजे चुकले तर कोणाला जाब विचारायचा ते कळावे. नाव माझे आहे.

तो बावीस वर्षांचा मुलगा आता गावी शेती करतो. नव्या कागदाची एक प्रत मी त्याला पोस्टाने पाठवली. बरोबर चिठ्ठीत लिहिले की, तुझे म्हणणे बरोबर होते, कागदावर हे असायला हवे होते. त्याचे उत्तर आले नाही; ते यावे अशी माझी अपेक्षाही नाही.

सभागृहात जी जाणती मंडळी आहेत, मग ती कारखान्यातली असोत, शाळेतली असोत की घरातली, त्यांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या नवख्यावर "ते सांगायचं असतं होय?" असे म्हणायची वेळ आली, तर ते वाक्य ओठांवर थांबवावे, आणि आपण काय गाळले ते आधी शोधावे. मुलांना माझे सांगणे एवढेच की, कोणी पहिला सल्ला दिला म्हणजे तो अवश्य ऐका, आणि लगेच 'का?' म्हणून विचारा. उत्तर मिळाले तर तो सल्ला तुमचा झाला. न मिळाले, तर मशाल विसरू नका.